दहा मीटर गाळ
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. सर भूगोल शिकवायचे. एकदा ते हॉर्लिक्सची रिकामी बाटली घेऊन वर्गात आले. तिच्यात मूठभर वाळू, नदीकाठची माती आणि चुलीतली थोडी राख टाकली, पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं, बाटली खळाखळा हलवली आणि खिडकीत ठेवून दिली. "उद्या बोलू," म्हणाले आणि फळ्यावर अक्षांश-रेखांश काढायला लागले. दुसऱ्या दिवशी बाटलीत तळाला वाळू, तिच्यावर माती, त्यावर साईसारखी बारीक चिकण आणि पाण्यावर राखेचा तवंग होता. सर म्हणाले, "जड आधी बसतं, हलकं मागून. तळं म्हणजे हीच बाटली. फक्त ती हलवायला दरवर्षी पाऊस येतो."

पुढची तीस वर्षं मी तळ्यांच्या तळाशी काय बसलंय ते बघत हिंडलो. त्या सगळ्या उद्योगाचं भांडवल म्हणजे ही एक बाटली. तिचा एकदा मला शब्दशः उपयोग झाला, तो किस्सा पुढे येईल.

मराठीत गाळाला फारशी प्रतिष्ठा नाही. धंदा गाळात जातो, गाडी गाळात रुतते, चहा गाळल्यावर जे टाकून द्यायचं तो गाळ. त्याची किंमत शेतकऱ्यालाच कळते, कारण आटलेल्या तलावातला गाळ उन्हाळ्यात शेतात पसरला की दोन-तीन हंगाम पीक जोमदार येतं. आज मी गाळाबद्दलच बोलणार आहे. तोही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला, लोणारचा.

लोणारचं सरोवर इथल्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे, म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, काठापासून सव्वाशे-दीडशे मीटर खोल, आणि तळाशी खारं, पापडखारासारखं अल्कधर्मी पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली असं पुस्तकात असतं. पण 'ऐन-ए-अकबरी'त त्याआधी सव्वादोनशे वर्षं इथल्या काच आणि साबणाला लागणाऱ्या क्षारांचा उल्लेख आहे, आणि लवणासुर राक्षसाची पुराणकथा त्याहूनही जुनी. हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, आघाताचा आहे, हे १९७३ मध्ये पक्कं झालं. त्याचं वय मात्र एका पद्धतीने ५२,००० वर्षं निघतं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीने ५,७०,०००. दोन्ही माणसं तज्ज्ञ, दोन्ही यंत्रं चांगली, आणि फरक दहापटीहून अधिक. ही गोष्ट लक्षात असू द्या. तारखांचा हा घोळ आज आपला पिच्छा सोडणार नाही.

माझ्या कामाच्या दृष्टीने लोणारची मोठी गंमत अशी की इथून पाणी बाहेर जायला वाट नाही. धार आणि सीतान्हाणी या झऱ्यांचं पाणी येतं, पावसाळ्यात चारी बाजूंच्या उतारांवरून ओघळ येतात. जातं ते फक्त वर, वाफ होऊन. येणारं पाणी गोड असतं, पण त्यात विरघळलेला चिमूटभर क्षार मागे राहतो आणि साठत जातो. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर तुम्हाला माहीत आहे. तिचं पाणी एका अंगाला गोड आणि दुसऱ्या अंगाला खारं. अख्ख्या सरोवराचा हिशेब त्या विहिरीत आहे. पाऊस चांगला झाला की गोड बाजू जिंकते, पाऊस रुसला की खारी. पूर्वी उन्हाळ्यात काठावरचा क्षार गोळा करण्याचा इथे धंदा चाले. पापडी, दल्ला, खुप्पल अशी त्या क्षारांची नावं होती. पाणी जितकं मागे सरेल तितका क्षार उघडा पडणार. शेतकरी आभाळाकडे बघून हळहळे, त्या वर्षी क्षारवाल्यांची चंगळ. हवामानाच्या नोंदी ठेवायची ही पद्धत आमच्या यंत्रांपेक्षा जुनी आहे.

तळाशी हाच हिशेब लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचा म्हणजे गाळाचा उभा गाभा काढायचा. प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या बांधून तराफा करतात, त्यावर तिपाई उभी करतात, आणि तिपाईतून नळी खाली सोडून हातोड्याच्या ठोक्यांनी गाळात उतरवतात. नळीत दट्ट्या असतो, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा. तो वर जागच्या जागी धरून ठेवायचा आणि नळी त्याच्याभोवती खाली दाबायची, म्हणजे ओढीमुळे गाळ आत टिकतो, घसरून पडत नाही. मीटर-दोन मीटर नळी भरली की वर ओढायची, दोन्ही तोंडं बंद करायची, बाणाने वर कुठे आणि खाली कुठे ते लिहायचं, पुन्हा त्याच भोकात पुढची नळी.

बाण लिहायचा राहिला तर काय होतं, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. पूर्व विदर्भातल्या एका जुन्या मालगुजारी तलावावर, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, विद्यार्थी असताना मी चार नळ्या काढल्या. तिसरी वर आली तेव्हा पाऊस सुरू झाला, धावपळ उडाली आणि बाण राहून गेला. प्रयोगशाळेत पोचल्यावर हातात मीटरभर इतिहास आणि त्याचं डोकं कुठलं, पाय कुठले, याचा पत्ता नाही. मार्गदर्शकांना सांगायची हिंमत होईना. रात्री नळी चिरली, भिंग घेऊन बसलो आणि सरांची बाटली आठवली. मोठ्या पुराने एका झटक्यात आणलेल्या प्रत्येक थरात तळाशी भरड कण असतात आणि वर जावं तसे ते बारीक होत जातात. असे सहा-सात थर दिसले. सगळ्यांनी एकच दिशा दाखवली. नळी सुलटी झाली आणि माझी पदवीही वाचली.

नळी उभी चिरायला बारीक तार वापरतात, मिठाईवाला बर्फी कापतो तशी. दोन अर्धे उघडले की पहिल्यांदा कुजक्या अंड्यांचा वास येतो, कारण तळाशी प्राणवायू नसतो आणि तिथे गंधकाचे वायू साठलेले असतात. कापल्या क्षणी गाळ काळाभोर, ओला, तुकतुकीत दिसतो. मग हवा लागते आणि डोळ्यांदेखत त्याचा रंग पालटायला लागतो. काही पट्टे करडे होतात, काही तपकिरी, काही पांढरट. म्हणून कॅमेरा आधीच तयार ठेवावा लागतो. मामा तलावावर आमच्या मदतीला आलेले एक काका एकदा मुद्दाम प्रयोगशाळेत आले होते. उघडलेल्या नळीकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "साहेब, हे त आमच्या हिरीतल्या गाळासारखंच दिसते. याच्यात पायण्यासारखं काय हाय?" प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर द्यायला मला अजूनही तासभर लागतो, आणि तो तास आज तुम्ही दिला आहे.

लोणारचा असा गाभा पोट्सडामचं भूविज्ञान केंद्र, नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि इतर काही संस्थांच्या चमूने काढला. लांबी सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी, आणि त्यात गेल्या ११,००० वर्षांचा गाळ. सुष्मा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा मुख्य लेख २०१४ मध्ये आला. मी त्या चमूत नव्हतो, वाचकच आहे. पण तळ्याच्या गाळात हात घातलेला वाचक असल्यामुळे त्या लेखातली कुठली ओळ किती घामाची, एवढं कळतं.

दहा मीटरला अकरा हजार वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी मिलिमीटरभरही गाळ बसत नाही. ऐंशी वर्षांचं आयुष्य म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, चार बोटं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक साधारण फूटभर खाली. हा ढोबळ हिशेब आहे. वरचा गाळ पाणचट आणि फुगलेला असतो, खालचा दबलेला, आणि सगळ्या शतकांनी सारखं माप घातलेलं नसतं. पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता या गाळात वाचायचं काय? वाचण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण मी दोनच नीट सांगतो.

पहिली परागकण. झाडाच्या परागाचं कवच इतकं चिवट असतं की आम्ही गाळावर हायड्रोफ्लोरिक आम्ल ओततो, जे काच खातं. वाळू विरघळते आणि पराग शाबूत राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून मोजायचे. काचपट्टीमागून काचपट्टी, दिवसचे दिवस. बाभळीचे पराग पुंजक्याने येतात, फुटबॉलसारख्या शिवणी दिसतात. गवताचा पराग गोल, त्याला एकच भोक. तो हरळीचा की कुंद्याचा हे काही केल्या सांगता येत नाही. धान्याचा पराग थोडा थोर असतो, म्हणून आकारावरून 'हे शेतीचं गवत असावं' असा तर्क करता येतो. तो तर्कच असतो. शिवाय पराग हा गावसभेसारखा प्रकार आहे. वाऱ्यावर पराग सोडणारं गवत लाखांनी ओरडतं. सागासारखी झाडं कीटकांवर विसंबतात, म्हणून ती जंगलात शेकड्यांनी असली तरी गाळात मोजकीच दिसतात. म्हणून लोणारच्या विवरात आज कुठे कुठली झाडं आहेत आणि आजच्या वरच्या गाळात त्यांचे पराग किती उतरतात, याचाही स्वतंत्र अभ्यास झाला. आजचा हिशेब जुळल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. वेड्या बाभळीचा पराग मात्र फार सज्जन. ती बाहेरून आलेली, त्यामुळे तो दिसला की हा थर अलीकडचा, यात वाद नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. लोणारच्या गाळात काही खोलीवर स्फटिक सापडतात. गेलुसाइट हे त्यांचं नाव. सोडियम आणि कॅल्शियमचा कार्बोनेट, त्यात पाण्याचे रेणू अडकलेले. ओल्या काळ्या गाळातून बोटाने बाजूला करावेत तर खडीसाखरेसारखे चमकतात. हे स्फटिक उगाच बनत नाहीत. पाणी बरंच आटावं लागतं, क्षार इतका दाटावा लागतो की तो पाण्यात मावेनासा होतो, तेव्हा कुठे ते बनतात. म्हणजे तळं आटलं तेव्हाच्या कोरड्या दिवसांची नोंद तळ्यानं आपल्याच ओल्या पोटात जपून ठेवली.

अकरा हजार वर्षांच्या त्या गाभ्यात असे स्फटिकांचे पट्टे दोन. पहिला साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा साधारण २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सुरुवातीच्या हजारो वर्षांत मात्र उलट चित्र दिसतं. पाणी भरपूर, पाऊस आजच्यापेक्षा दमदार. त्याचं कारण आकाशात आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते तो महिना सरकत जातो. आज ती वेळ जानेवारीत येते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात येत असे. जमीन जास्त तापे, समुद्रावरचा वारा जास्त जोराने आत ओढला जाई, पाऊस जास्त. मग हळूहळू तो जोर ओसरत गेला. ही उतरती पायरी आशियातल्या कितीतरी तळ्यांत दिसते. लोणारचे दोन पट्टे म्हणजे त्या उतारावरचे दोन खड्डे. ते का पडले याचं स्पष्टीकरण त्या चमूने पॅसिफिकच्या पश्चिमेकडच्या उबदार पाण्यात शोधलं आहे. एल निनोच्या वर्षी आपल्याकडे पाऊस का लांबतो हे ऐकून तुमचे कान पिकले असतील. त्याच कुळातली गोष्ट, फक्त शतकांच्या मापाने.

इथे थांबून एक शब्द तपासून बघू या. दुष्काळ.

या सभागृहात निदान पंधरा-वीस जणांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रोजगार हमीच्या आधीची ती खडी फोडायची कामं, तांबडी मिलो ज्वारी, विकायला काढलेली जनावरं. आता लोणारच्या गाळात तो दुष्काळ शोधा. दिसणार नाही. एक-दोन वर्षं म्हणजे मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आणि तळं इतक्या घाईने काही लिहीत नाही. त्याला सरासरी कळते, दशकं कळतात, शतकं तर फार चांगली कळतात. माणूस मात्र वर्षावर जगतो. एका वर्षी पेरलेलं उगवलं नाही तर त्याच्या दृष्टीने जग बुडालं. म्हणून गाळातला दुष्काळ आणि आपल्या आठवणीतला दुष्काळ हे एका नावाचे दोन वेगळे पाहुणे आहेत. गाळ 'सातशे वर्षं कोरडी' म्हणतो तेव्हा सातशे वर्षं पाऊस पडला नाही असा त्याचा अर्थ नसतो. पडला, मधूनमधून धो धोही पडला असेल. फक्त तळ्याच्या खात्यात जमेपेक्षा खर्च वरचढ राहिला. बहात्तरसारखी वर्षं तेव्हा कदाचित जास्त वेळा आली. 'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे.

आता दुसऱ्या पट्ट्याच्या तारखा आपल्या ओळखीच्या भाषेत आणू. या शास्त्रात 'आजपूर्वी' म्हणजे १९५० पूर्वी. रेडिओकार्बनवाल्यांनी आपला 'आज' तिथे खिळवून टाकला, कारण त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट करून सगळं माप बिघडवलं. म्हणजे २,००० वर्षांपूर्वी हे इसवी सनापूर्वी ५० च्या आसपास, आणि ६०० वर्षांपूर्वी म्हणजे १३५०. लोणारचं तळं ज्या काळाला कोरडा म्हणतं तो हा काळ. त्यात महाराष्ट्रात काय चाललं होतं? सातवाहनांचा पडता-चढता काळ. इथून शेजारच्या वाशीमला, म्हणजे वत्सगुल्मला, वाकाटक राज्य करत होते, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची ती श्रीमंत लेणी कोरली जात होती. आठव्या शतकात वेरूळचं कैलास. मग देवगिरीचे यादव. खुद्द लोणारच्या काठावरचं दैत्यसूदनाचं देऊळ याच पट्ट्यातलं, आणि चक्रधरस्वामींच्या ज्या भ्रमणात लोणार येतं, लीळाचरित्रात ज्याच्या आठवणी आहेत, तेही याच पट्ट्यात. आपल्या शिल्पकलेचा आणि मराठी गद्याच्या जन्माचा काळ म्हणून आपण ज्याकडे अभिमानाने बघतो, त्याला गाळ म्हणतो: कोरडा.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी जरा दचकलो, आणि मग सुखावलो. हवामान बदललं की संस्कृती कोसळते असं एक सोपं सूत्र सध्या बाजारात आहे. माया लोकांच्या बाबतीत त्याला आधारही बऱ्यापैकी आहे. मेक्सिकोतल्या युकातानच्या चिचानकानाब तळ्यात जिप्समचे थर मिळाले. डेव्हिड होडेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ८०० ते १००० या शतकांत तिथे फार कोरड पडली होती, आणि नगरं ओस पडली तीही त्याच सुमारास. पण एका तळ्याचं सूत्र दुसऱ्या तळ्याला लावायला गेलं की पाय घसरतो. दख्खनच्या माणसाने कोरड्या शतकांत तळी खोदली, बारवा बांधल्या, कमी पाण्याची पिकं धरली आणि वर कैलासही कोरलं. त्याला झळ लागली नसेल असं मी म्हणत नाही. ती लागली का, किती लागली, हे गाळ सांगू शकत नाही. त्याच्याकडे फक्त पाण्याचं खातं आहे, कोठारातल्या धान्याचं नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, कारण आपल्याच देशात या घाईची एक बोधप्रद कहाणी घडली आहे. गुरदीप सिंग हे परागशास्त्रज्ञ. त्यांनी राजस्थानच्या सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या खाऱ्या सरोवरांतून गाभे काढले. आजही त्या कामाला तोड नाही. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की साधारण पाच ते तीन हजार वर्षांपूर्वी तिथे पाऊस चांगला होता, आणि सिंधू संस्कृतीची भरभराट याच ओल्या काळातली. पाऊस आला, नगरं उभी राहिली. पाऊस गेला, नगरं गेली. किती सुबक! पाठ्यपुस्तकांत गेलं, भाषणांत गेलं. मीही विद्यार्थ्यांना शिकवलं.

मग १९९९ मध्ये येहूदा एन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुणकरणसरचा गाळ नव्याने, बारकाईने तपासला. रेडिओकार्बनच्या मापाने तळं साधारण ६,३०० वर्षांपूर्वी भरलं आणि ४,८०० वर्षांपूर्वी पूर्ण आटलं. हे आकडे कॅलेंडरच्या वर्षांत बदलले की आटण्याचा काळ सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा येतो. हडप्पा-मोहेंजोदडोची नगरं उभी राहिली त्याच्याही सुमारे हजार वर्षं आधी. म्हणजे सिंधू संस्कृती फुलली ती तळं कोरडं पडून हजार वर्षं झाल्यावर, शुष्क हवामानात. सुबक गोष्ट उताणी पडली. सिंग यांचे पराग खोटे नव्हते. चुकलं होतं ते घड्याळ. रेडिओकार्बनची वर्षं आणि खरी वर्षं एक नाहीत, हवेतल्या कार्बनचं प्रमाण काळानुसार बदलतं. तो फरक दुरुस्त करण्याचे तक्ते पुढे तयार झाले. झाडांची कडी मोजून झाले, आणि जपानच्या सुइगेत्सु तळ्यासारख्या ठिकाणी, जिथे दरवर्षी एक फिकट आणि एक गडद अशी थरांची जोडी बसते, ते हजारो थर एकेक करून मोजूनही झाले. खाऱ्या तळ्यांत आणखी एक खोड असते. पाण्यातल्या वनस्पती पाण्यातला जुना कार्बन खातात आणि आपल्या वयापेक्षा म्हाताऱ्या दिसतात. म्हणून शहाणा माणूस गाळातलं काठावरच्या झाडाचं पान, काडी, लाकडाचा तुकडा शोधतो आणि त्याचंच वय काढतो.

कहाणी तिथेही संपली नाही. २०१४ मध्ये हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांवरून यमा दीक्षित आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी तिथला मोसमी पाऊस एकाएकी ओसरला. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, जड मागे राहतो. शिंपल्यात तो जडपणा उतरतो. म्हणजे हडप्पाच्या उतरणीशी पावसाचं नातं जोडणारी बाजू पुन्हा उभी राहिली. आणि लोणारचा पहिला पट्टा? ४,६०० ते ३,९००. बरोबर सिंधू नगरांच्या भरभराटीचा काळ. एका तळ्याच्या मते कोरड नगरांच्या आधीची, दुसऱ्याच्या मते नगरांच्या शेवटाची, तिसऱ्याच्या मते नगरांच्या अख्ख्या आयुष्याची. यातलं कुणी खोटं बोलत नाही. लुणकरणसर वाळवंटाच्या कडेला, कोटला डहर दिल्लीच्या दक्षिणेला, लोणार इथे दख्खनवर. प्रत्येकाने आपल्या आभाळापुरती साक्ष दिली आहे. सिंधूच्या नगरांना तर हिमालयाच्या बर्फाचं पाणी होतं आणि हिवाळी पाऊसही.

आपल्याकडचंच इनामगाव घ्या. घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन गाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उकरलं. प्रा. ढवळीकरांनी तिथली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या कशा आल्या ते दाखवलं, आणि या घसरणीचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असावं अशी मांडणी केली. ते गाव शेवटी इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास सुटलं. लोणारच्या गाळात मात्र तो काळ दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. तिथे स्फटिक नाहीत. मग ढवळीकर चुकले? मला तसं वाटत नाही. स्फटिक हा अतिशय आळशी साक्षीदार आहे. पाणी एका विशिष्ट रेघेच्या खाली गेलं की मगच तो उठतो. रेघेच्या वर, पण बरंच खाली असलेलं पाणी त्याच्या दृष्टीने ठीकच. इनामगाव सुमारे अडीचशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथल्या शेतकऱ्याला उठवून लावायला लोणारच्या रेघेपर्यंत जायची गरजच नसावी. या प्रश्नाचा निकाल इनामगावच्या जवळच्या एखाद्या गाळातच लागेल. पण नैसर्गिक तळी दख्खनवर आहेतच कुठे? भेगाळलेला पाषाण आणि उतार, पाणी थांबतं कुठे! म्हणून आकाशातून पडलेल्या त्या एका दगडाचे उपकार.

जाता जाता एक खुलासा. गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार या योजनेखाली जुने तलाव उपसले जातात तेव्हा आमच्या क्षेत्रातले काही मित्र हळहळतात, की दोन-तीनशे वर्षांच्या नोंदी जेसीबीच्या सुपात गेल्या. मला त्यांची हळहळ कळते. पण तलाव पाण्यासाठी बांधला होता, माझ्यासाठी नाही. माझी विनंती एवढीच असते, उपसायच्या आदल्या दिवशी आम्हाला एक नळी काढू द्या. दोन गावांनी काढू दिली. एका गावाने तर चहाही पाजला.

शेवटी, काकांच्या प्रश्नाकडे. याच्यात पाहण्यासारखं काय आहे? नळी चिरली की तिचे दोन अर्धे होतात. एका अर्ध्यावर आम्ही सगळे अत्याचार करतो. खरवडतो, आम्लात टाकतो, जाळतो. दुसरा अर्धा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून, नाव-खोली-बाण लिहून, चार अंशांच्या थंड खोलीत फळीवर ठेवतो. त्याला हात लावायचा नाही असा रिवाज आहे. सिंग यांनी गाभे काढले तेव्हा आजची कितीतरी यंत्रं नव्हती. आज आमच्याकडेही उद्याची नाहीत. तो अर्धा त्या यंत्रांसाठी असतो, ती चालवणाऱ्या पोरांसाठी असतो, ज्यांच्यातली काही आज कदाचित याच गावातल्या शाळेत खिडकीत ठेवलेली एखादी बाटली बघत असतील. माझ्या त्या तिसऱ्या नळीचा अर्धाही तिथे आहे. त्यावर आता बाण आहे. मी तो दोनदा काढलाय, एक पेनने आणि एक खिळ्याने कोरून.